वरच्या फ्लॅटचं पाणी आणि ‘भारत गृह रक्षा’: पॉलिसी कुठे पैसे देते, कुठे हात वर करते

‘भारत गृह रक्षा’ ही घराच्या विम्याची प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. इर्डाईने, म्हणजे विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाने, मजकूर ठरवून दिलेला असल्यामुळे कंपनी कोणतीही असो, मूळ अटी त्याच राहतात. फरक पडतो तो हप्ता, जोडकव्हर (मूळ पॉलिसीला जोडून घ्यायचं जादा संरक्षण) आणि दावा हाताळण्याची तऱ्हा यांत. म्हणून इथे कंपन्या बाजूला ठेवून मजकूरच तपासला आहे, आणि तोही एकाच प्रश्नापुरता: वरच्या फ्लॅटमधून पाणी खाली आलं तर ही पॉलिसी किती कामाची? आग, भूकंप, वादळ, पूर हे सगळं तिच्यात आहेच. पण सोसायटीच्या सेक्रेटरीकडे येणाऱ्या तक्रारींची फाइल उघडून बघा, आग क्वचित सापडेल आणि गळती पानोपानी.

निकाल आधीच सांगतो. पाइप फुटून किंवा टाकी ओसंडून पाणी आलं असेल तर पॉलिसी चांगली आहे, हप्त्याच्या मानाने फारच चांगली. बाथरूममधून महिनोन्‌महिने ओल झिरपत असेल तर तिच्याकडून फारशी आशा धरू नका. आणि तुमच्या घरातल्या पाण्याने खालच्याचं नुकसान झालं, तर त्याला द्यायच्या भरपाईसाठी मूळ पॉलिसीत एक रुपयाही नाही. ही तिसरी गोष्ट घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, आणि विकणारा ती आपण होऊन सांगत नाही.

‘फुटणं’ आणि ‘ओसंडणं’ यात काय येतं

पॉलिसीतलं कलम आहे पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटण्याचं किंवा ओसंडण्याचं. पाणी तुमच्याच घरातलं असावं अशी अट नाही. वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला आणि तुमचं छत, भिंती, सामान भिजलं तरी ते तुमच्या पॉलिसीत बसतं. वरच्याकडे विमा आहे की नाही, चूक त्याची आहे की नाही, याच्याशी तुमच्या दाव्याचा संबंध नाही. फ्लॅटवाल्यांसाठी या पॉलिसीचा खरा फायदा हाच. शेजाऱ्याशी भांडण मिटायची वाट न बघता छत दुरुस्त करता येतं.

प्रत्यक्षात फुटतं काय? बहुतेक वेळा मोठा पाइप नव्हे, तर किरकोळ वस्तू. वॉटर प्युरिफायरची पाव इंची नळी कनेक्टरमधून निसटते किंवा वाकलेल्या जागी चिरते. गिझरचा कनेक्शन पाइप नटाजवळ गंजून तुटतो. बाहेरची स्टीलची जाळी चकचकीत दिसते आणि आतलं रबर कडक झालेलं असतं. वॉशिंग मशीनचा इनलेट पाइप नळावरून उडतो, कारण मशीन थांबलं तरी नळ चालूच ठेवायची सवय. माळ्यावरच्या टाकीचा बॉल कॉक अडकतो आणि ओव्हरफ्लोचा पाइप एक तर नसतोच, किंवा असला तर बुजलेला असतो. शिवाय खास आपल्याकडचा प्रकार: पाणी गेलं असताना नळ उघडा राहतो, घरातले बाहेर पडतात आणि दुपारी पाणी येतं. सिंकमध्ये भांडी असली की पाणी थेट जमिनीवर. हे सगळं अचानक घडलेलं, तारीख-वेळ सांगता येणारं आहे. दावा उभा राहतो तो याच्यावर.

एक मर्यादा लक्षात ठेवा. पैसे मिळतात ते पाण्याने झालेल्या नुकसानीचे. जुना होऊन तुटलेला कनेक्शन पाइप, झिजलेला वॉशर, नवा अँगल कॉक आणि प्लंबरची मजुरी हा खर्च सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला कंपनीने नेमलेला माणूस, वेगळा काढतो. रक्कम लहान असते, वाद घालण्यात अर्थ नाही.

झिरपणाऱ्या ओलीचं काय

नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमच्या जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालचा भाग) कडेने, टाइल्सच्या सांध्यांतून, कमोडच्या जोडातून, बाथरूमच्या खड्ड्यात भरलेल्या विटांच्या कोब्यातून हळूहळू उतरणारं पाणी ‘फुटणं’ही नव्हे आणि ‘ओसंडणं’ही नव्हे. वॉटरप्रूफिंगचं आयुष्य संपलं, किंवा मुळातच काम कच्चं झालं होतं, ही देखभालीची बाब धरली जाते. सोसायट्यांतल्या गळतीच्या तक्रारींत मोठा वाटा नेमका याच प्रकाराचा असल्याने पॉलिसी घेऊनही निराश होणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

सर्व्हेअर हा फरक कशावरून ओळखतो हे माहीत असलेलं बरं. छतावर तपकिरी वर्तुळांच्या आत वर्तुळं असतील तर पाणी अनेकदा येऊन वाळलेलं आहे. पांढरे क्षार, म्हणजे लोणा, फुटायला काळ जावा लागतो. काळी बुरशी, फुगून सुटलेले रंगाचे पोपडे, प्लॅस्टर पडून दिसणारी गंजलेली सळई ही सगळी जुनेपणाची साक्ष. ताज्या घटनेत एकच डाग असतो, कडा मऊ असतात, पीओपी ओलसर आणि जड झालेलं असतं, गंज नसतो. जुन्या ओलीवर ताजी घटना घडली असेल तर सर्व्हेअर नुकसानीची वाटणी करतो, किंवा सगळंच जुन्यात ढकलतो. म्हणून छताचे कोरडे, स्वच्छ फोटो दर वर्षी पॉलिसी नव्याने घेताना काढून ठेवावेत. पाच मिनिटांचं काम आहे आणि नंतर त्याच्यासारखा पुरावा नाही.

मधला एक अवघड प्रकार म्हणजे भिंतीत दडवलेल्या सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) किंवा जुन्या जीआय (लोखंडी) पाइपचा जोड सुटणं. पाइप फुटलेला असतो, पण पाणी बाहेर दिसेपर्यंत आठवडे गेलेले असतात. असा दावा मंजूर होऊ शकतो, मात्र प्लंबरच्या लेखी अहवालात ‘पाइपचा जोड फुटला’ असं स्पष्ट हवं आणि फोडलेल्या भिंतीतल्या त्या जोडाचा फोटो हवा. ‘बाथरूम लीकेज दुरुस्त केले’ एवढ्या एका ओळीच्या बिलाने चांगला दावा बुडतो.

विमा रक्कम: बाजारभाव विसरा

इमारतीची विमा रक्कम काढायचं सूत्र पॉलिसीत दिलेलं आहे: कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा आजचा दर. समजा ६०० चौरस फुटांचा फ्लॅट आणि दर २,५०० रुपये, तर विमा रक्कम १५ लाख. तोच फ्लॅट पुण्यात ८० लाखांना विकला जात असेल तरी जमिनीची किंमत विम्यात येत नाही, यायचं कारणही नाही. एकाहून अधिक वर्षांची पॉलिसी घेतली (कमाल १० वर्षं) तर विमा रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते.

इमारत आणि सामान दोन्हींचा विमा घेतला तर सामानासाठी वेगळी यादी न देता इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, संरक्षण आपोआप मिळतं. वरच्या उदाहरणात ३ लाख. घरात महागडं फर्निचर, मोठा टीव्ही, दोन-तीन एसी असतील तर हा आकडा अपुरा पडतो, तेव्हा यादी देऊन रक्कम वाढवून घ्यावी. दागिने आणि चित्रं वगैरे मौल्यवान वस्तूंचं कव्हर ऐच्छिक आहे, पाण्याच्या संदर्भात त्याची फार गरज नाही.

या पॉलिसीतली सर्वांत उदार तरतूद मात्र वेगळीच: विमा रक्कम कमी धरली गेली असली तरी त्या प्रमाणात दावा कापत नाहीत. जुन्या पॉलिसींमध्ये २० लाखांच्या घराला १० लाखांचा विमा असेल तर ६० हजारांच्या नुकसानीचे ३० हजारच हातात पडत. ती कात्री इथे काढून टाकली आहे.

आता जिथे गफलत होते ती जागा. पॉलिसी ‘फक्त इमारत’, ‘फक्त सामान’ किंवा ‘दोन्ही’ अशी घेता येते. गृहकर्जासोबत बँकेने लावून दिलेली पॉलिसी अनेकदा फक्त इमारतीची असते, कारण बँकेला तारण तेवढंच. कपाटं, गाद्या, इलेक्ट्रॉनिक वस्तू तिच्यात नसतात. पॉलिसीचं वेळापत्रक, म्हणजे आकडे असलेलं पहिलं पान, उघडून ‘सामान’ या ओळीसमोर रक्कम आहे का ते बघा. भिंतीला आणि छताला कायमचं जोडलेलं काम, म्हणजे फॉल्स सीलिंग, वायरिंग, सॅनिटरी फिटिंग, इमारतीत धरलं जातं. मॉड्युलर किचन आणि भिंतीतली कपाटं यांवर वाद होतात. घेतानाच कंपनीला ईमेल करून ते कशात मोडतात हे लिहून घ्यावं. भाडेकरूने ‘फक्त सामान’ घ्यावं; इमारत त्याची नाही.

घर राहण्याजोगं उरलं नाही तर पर्यायी घराचं भाडं, किंवा भाड्याने दिलेलं घर असेल तर बुडालेलं भाडं, पॉलिसीतच समाविष्ट आहे. छत भिजल्याने वायरिंग बंद ठेवून घर सोडावं लागलं तर हे कलम वापरता येतं; पण ‘राहण्याजोगं नाही’ हे इलेक्ट्रिशियनच्या किंवा अभियंत्याच्या पत्राने दाखवावं लागतं. नुसती गैरसोय पुरत नाही.

एक हिशेब

दर केवळ समजण्यापुरते धरले आहेत. वरच्या घरातली प्युरिफायरची नळी रात्री निसटली, सकाळपर्यंत पाणी खाली. जिप्समचं सीलिंग ६० चौ. फूट, ११० रुपये दराने ६,६००. छत आणि एक भिंत मिळून २५० चौ. फूट रंग, २२ रुपये दराने ५,५००. वायरिंग आणि दिवे ६,०००. कपाटाचा फुगलेला प्लाय बदलणं २८,०००. गादी १४,०००. एकूण ६०,१००. कचरा हलवण्यासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १,२०२ रुपये, आणखी मागता येतात. आर्किटेक्ट किंवा अभियंत्याची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते, पण एवढ्या कामात ती लागत नाही.

कपात कुठे होईल? एक भिंत भिजली म्हणून रंगारी सगळ्या खोलीचं कोटेशन देतो, कारण नवा पट्टा जुन्या रंगात उठून दिसतो. सर्व्हेअर भिजलेल्या भागाचंच मंजूर करतो. गादीच्या बिलाऐवजी अंदाज दिला तर तोही खाली येतो. प्लायच्या जागी लाकूड लावलं तर वाढीव खर्च तुमचा. बाकी रक्कम मिळायला हरकत नसावी. मात्र रंग लावायची घाई करू नका. आतलं प्लॅस्टर वाळलेलं नसताना पुट्टी भरली की ती दोन-तीन महिन्यांत फुगते, आणि त्या दुसऱ्या नुकसानीचा दावा होत नाही. पॉलिथिनचा एक फूट तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. आतून बाष्प धरलं तर भिंत अजून ओली आहे.

विमाच नसेल तर पैसे कोणाचे

हा भाग पॉलिसीच्या बाहेरचा, पण पॉलिसीची किंमत इथेच कळते. कायद्याने वरचा मालक आपोआप जबाबदार ठरत नाही. पाणी वरून आलं एवढं पुरेसं नाही, त्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. नळ उघडा ठेवून बाहेर जाणं हा निष्काळजीपणा उघड आहे. परवानगी न घेता बाथरूम सरकवणं, ओट्याची जागा बदलून ड्रेनेज नव्याने काढणं, हेही. वीस वर्षांपूर्वीचा पाइप भिंतीच्या आत आपोआप तुटला, आधी कसलीही खूण नव्हती, तर ‘माझा काय दोष?’ हा वरच्याचा प्रश्न न्यायालयात टिकू शकतो.

चित्र बदलतं ते पहिल्या लेखी सूचनेनंतर. छतावर डाग दिसल्याचं पत्र वरच्याला आणि सेक्रेटरीला दिलं, त्याची पोच घेतली, की त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी वरच्याला दोष माहीत होता हे सिद्ध करता येतं. तोंडी सांगितलेलं, लिफ्टमध्ये बोललेलं, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टोमण्यात लिहिलेलं यापेक्षा एक पानाचं पत्र जड पडतं. त्यात तारीख, खोली, डागाचा आकार फूट-इंचात आणि ‘तपासणीसाठी प्लंबर आणू द्यावा’ ही मागणी असावी. भरपाईचा आकडा पहिल्या पत्रात नको.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, दुरुस्तीची वाटणी दिलेली आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, बाहेरचे सामायिक पाण्याचे आणि ड्रेनेजचे पाइप, पाण्याच्या टाक्या, पावसाच्या पाण्याची गळती, गच्चीतून गळून खराब झालेलं सर्वांत वरच्या मजल्याचं छत, हा खर्च संस्थेचा. फ्लॅटच्या आतली दुरुस्ती सभासदाची. बाथरूम आणि सिंकची अंतर्गत गळती त्यातच येते. ‘वरचा-खालचा निम्मे-निम्मे’ ही अनेक सोसायट्यांत चालणारी तडजोड आहे; पटली तर जरूर करा, पण कोणी ती नियम म्हणून सांगू लागलं तर उपविधी उघडायला सांगा. एक बारकावा: सर्व फ्लॅटच्या छतांची संरचनात्मक दुरुस्ती संस्थेच्या यादीत आहे. खालच्या छताची सळई उघडी पडली असेल तर ते काम रंग-प्लॅस्टरचं राहत नाही, आणि संस्थेला त्यात लक्ष घालावंच लागतं.

वरचा दार उघडत नसेल तर समितीला पूर्वसूचना देऊन आत पाहणी करायचा अधिकार उपविधींत आहे. सभासद दुरुस्ती करत नसेल तर नोटीस देऊन काम करून घेणं आणि खर्च त्याच्या खात्यावर टाकणं हाही मार्ग आहे. बहुतेक समित्या तो वापरत नाहीत, कारण रोज तोंड दाखवायचं असतं. तसं झालं तर गळतीचा वाद सहकार न्यायालयात नेता येतो.

इमारत संस्था नसून १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची कॉन्डोमिनियम असेल (पुण्यात अशा भरपूर आहेत) तर सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे पळण्याआधी डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारतीचा घोषणापत्राचा दस्त, वाचा. सामायिक काय आणि खासगी काय ते तिथे ठरलेलं असतं. दुसऱ्या अपार्टमेंटचं नुकसान टाळण्यासाठी तातडीची दुरुस्ती करायला असोसिएशनला प्रत्येक अपार्टमेंटमध्ये शिरण्याचा हक्क या कायद्यानेच दिला आहे. इमारतीचा सामूहिक विमा काढण्याची तरतूदही त्यात आहे, आणि तो काढला तरी मालकाला स्वतःचा वेगळा विमा घेता येतो.

सोसायटीचा विमा आहे, मग आपला कशाला, असं म्हणणाऱ्यांसाठी: संस्थेने इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढावा असं उपविधी सांगतात. तेवढाच काढला असेल तर फुटलेल्या पाइपच्या पाण्याला तो लागू नाही, आणि तुमच्या सामानाला तर कधीच नाही.

इमारत नवी असेल तर आधी बिल्डरकडे जा. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा असतो. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग याच सदरात येतं. वरच्या शेजाऱ्याशी भांडत पाच वर्षं घालवली तर ही दारं बंद होतात.

पाणी कुठून येतंय ते आधी ठरवा

दावा असो वा वाद, कारण चुकीचं लिहिलं गेलं की सगळं फसतं. क्रम साधा आहे. वरच्या फ्लॅटचा मुख्य कॉक बंद करा. काही तासांत ठिबक थांबली तर दोष पुरवठ्याच्या पाइपमध्ये. तो अहोरात्र दाबाखाली असतो म्हणून ठिबकही अखंड असते. आंघोळीनंतर किंवा कपडे धुतल्यावरच पाणी येत असेल तर नहाणी ट्रॅप, सांडपाण्याचा पाइप किंवा जमीन. पावसातच येत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीची कड किंवा सामायिक पाइपचा सांधा, आणि मग बिल संस्थेचं.

जमिनीवर संशय असेल तर नहाणीचं तोंड बोळा आणि प्लास्टिकने बंद करून दीड-दोन इंच पाणी ४८ तास साठवा. खाली ओल वाढली तर कोबा आणि वॉटरप्रूफिंग गेलं. वाढली नाही तर बोळा काढून पाण्यात खाण्याचा रंग टाका आणि सोडून द्या. खाली रंगीत डाग उतरला तर ट्रॅपचा जोड दोषी. एका वेळी एकच ठिकाण तपासा आणि दोन तपासण्यांत एक दिवस जाऊ द्या, नाहीतर कोणतं पाणी कुठलं ते कळत नाही. तपासणीच्या वेळी वरचा, खालचा आणि समितीचा एक जण हजर असावा. तिथेच अर्ध्या पानाचा पंचनामा लिहून तिघांच्या सह्या घ्याव्यात.

दावा करताना

पाणी दिसताच पहिलं काम विजेचं: त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, खाली. मग वरचा कॉक बंद. मग फोटो आणि व्हिडिओ, आधी छत, नंतर भिंत, नंतर सामान, प्रत्येक वस्तूचा मॉडेल नंबर दिसेल असा. पाणी पुसायला, सामान हलवायला, गादी उन्हात टाकायला हरकत नाही. नुकसान वाढू न देणं ही तुमचीच जबाबदारी आहे. पण सर्व्हेअर येण्याआधी सीलिंग फोडू नका आणि खराब वस्तू भंगारात देऊ नका. वरच्याकडून तुटलेली नळी, पाइप, जोडाची कडी जे असेल ते मागून पिशवीत ठेवा. प्लंबर ती फेकून देतो आणि ‘फुटलं’ याचा एकमेव ठोस पुरावा जातो.

कंपनीला लगेच कळवा, त्याच दिवशी, फोनसोबत ईमेलनेही. दाव्याचा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत. सोबत प्लंबरचा अहवाल, सोसायटीचं पत्र, दोन कोटेशनं आणि असतील ती बिलं. इर्डाईच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो. या तारखा ईमेलमध्ये नम्रपणे नमूद केल्या की फाइल हलते.

आणि एक सापळा. वरचे काका भले असतात, दहा हजार हातावर ठेवतात आणि ‘आता काही तक्रार नाही’ असं लिहून घेतात. अशी सही करू नका. पैसे दिल्यावर दोषी माणसाकडून वसुली करायचा हक्क विमा कंपनीकडे जातो; तुम्ही तो आधीच सोडून दिला असेल तर कंपनी दावा नाकारू शकते. वरच्याकडून काही घेतलं असेल तर ते दाव्यात सांगावं लागतं. दोन्हीकडून पूर्ण भरपाई घेता येत नाही.

तुम्ही वर राहत असाल तर

खालच्याला त्याच्या कंपनीने पैसे दिले म्हणून तुम्ही सुटलात असं नाही, हे वरच्याच परिच्छेदातून निघतं. कंपनी तुमच्या दारात येऊ शकते. ‘भारत गृह रक्षा’ तुमच्या स्वतःच्या भिजलेल्या जमिनीचे आणि फर्निचरचे पैसे देईल, खालच्याचे नाही. त्यासाठी तिऱ्हाइताच्या दायित्वाचं (दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी तुमच्यावर आली तर ती भरून देणारं) जोडकव्हर लागतं, किंवा हाउसहोल्डर पॅकेज पॉलिसीतला सार्वजनिक दायित्वाचा विभाग. घेताना तीन गोष्टी विचारा: पाण्याने खालच्या फ्लॅटचं नुकसान हे कव्हरमध्ये धरलं आहे का, एका घटनेची मर्यादा किती, आणि भाडेकरू राहत असेल तर चालतं का. उत्तर ईमेलवर घ्या.

हे कव्हर असेल तर घटनेनंतर तोंड जपून उघडावं. दायित्वाच्या पॉलिसीत कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची किंवा भरपाईचं वचन द्यायचं नाही अशी अट असते. खाली जाऊन पाणी उपसायला मदत करा, प्लंबर आणा, चहा द्या. ‘सगळं भरून देतो’ हे मात्र लिहून देऊ नका.

घर भाड्याने दिलेलं असेल तर खालच्याची नोटीस मालकालाच येते. भाडेकरूने नळ उघडा ठेवला तर मालक त्याच्याकडून मागू शकतो, पण पाइप आणि वॉटरप्रूफिंग मालकाचंच. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात गिझर, प्युरिफायर आणि मशीनच्या नळ्यांची देखभाल कोणाकडे ते एका ओळीत लिहा. तशाही या नळ्या पाच वर्षांत बदलाव्यात. काही शे रुपयांचं काम आहे.

दावा नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या आणि नाकारताना कोणतं कलम लावलं ते विचारा. ‘झिरप’ म्हणून नाकारलं असेल तर प्लंबरचा अहवाल, तुटलेला भाग आणि आधीचे कोरडे फोटो याच वेळी जोडायचे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा होऊ शकतो. कंपनीने नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, आणि तोच वाद ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल तो ऐकत नाही.